लहरनिवारक चकती

तळघरातल्या त्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कॉलेजची पोरं, त्यांचे वैतागलेले बाप, दोन-चार ऑफिसवाले, सगळे लॅपटॉप छातीशी कवटाळून उभे होते. दवाखान्यात तान्ही बाळं घेऊन बसतात, तसे. मधोमध काळा शर्ट घालून आणि गॉगल कपाळावर चढवून वेगगुरू उभा होता.

"तुमचं यंत्र मंद नाही!" तो गरजला. "त्याला लहरींनी घेरलंय. मोटरच्या लहरी, फ्रिजच्या लहरी, शेजाऱ्याच्या मनातल्या लहरी!"

"मग शेजाऱ्याचा लॅपटॉप कुणाच्या लहरींनी अडतो?" मावशी पुटपुटली. ठमीनं तिला कोपरानं ढोसलं.

ठमी तिची भाची, सतरा वर्षांची. शनिवारी तिच्या ऑनलाइन खेळाच्या संघाचा मोठा सामना होता. ऐन मोक्याला तिचा लॅपटॉप अडखळायचा, आणि कप्ताननं बजावलं होतं की आणखी एकदा असं झालं तर तिच्या जागी दुसरी येईल. ही जागा मिळवायला पोरीनं दोन वर्षं घालवली होती. म्हणून मावशी आली होती, नाहीतर असल्या ठिकाणी तिचं काय काम? बावीस वर्षं ती फ्रिज दुरुस्त करत होती. फ्रिजला बाधा झाली म्हणून तिला बोलावणारी माणसं तिनं पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी मागच्या जाळीत बोटभर धूळ सापडली होती.

वेगगुरूनं ठमीचा लॅपटॉप मखमली गादीवर ठेवला आणि खेळ सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा. चोवीस. चित्र ठेचकाळत होतं. मग त्यानं मागे एक तांबूस चकती चिकटवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि लॅपटॉप काळं कापड घातलेल्या उंच टेबलावर ठेवला. या टेबलाला तो सिंहासन म्हणे.

"आता शक्तीची तार जोडतो," म्हणत त्यानं चार्जर लावला.

एकसष्ट! टाळ्यांचा कडकडाट झाला. ठमीनं तर मावशीचा हातच दाबला.

"घरात दिवसभर चालणारं एखादं यंत्र आहे?" वेगगुरूनं हळूच विचारलं.

"आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन."

"बास! तेच मूळ. खेळताना ते बंद ठेवायचं. चकती अर्धं काम करते, अर्धं तुमच्या श्रद्धेनं होतं."

"आणि माझ्या बाबांनी श्वास काय श्रद्धेनं घ्यायचा?" मावशीचा आवाज चढला.

"श्श!" गर्दी म्हणाली. वेगगुरू गोड हसला. "ताई, शंका आली की लहरी वाढतात."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. चालणाऱ्या औषधाला शंकेची एवढी धास्ती कशाला?

दोन दिवसांनी ती बहिणीच्या घरी गेली. बहीण कामावर होती. मशीनची घरघर एरवी जिन्यातच ऐकू यायची, आज नव्हती. मावशी तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर पोचली. बाबा पलंगावर बसून धापा टाकत होते, ओठ निळसर पडले होते. शेजारच्या टेबलावर ठमी कानांवर हेडफोन लावून खेळत होती.

"मीच... बंद करायला सांगितलं," बाबा म्हणाले. "पोरीचा सराव... दोन तास तर..."

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यानं चौऱ्याऐंशी दाखवलं. मावशीनं भिंतीतला प्लग ओढून काढला, मशीनचा प्लग खुपसला आणि बाबांच्या नाकाशी नळी लावली. घरघर सुरू झाली.

"गेलं!" ठमी ओरडली. "साठाचे बावीस झाले! बघ, मशीन लावलं आणि लगेच! वेगगुरू खरंच सांगत होते." मग आजोबांच्या ओठांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती रडायलाच लागली.

चिमट्यावर त्र्याण्णव येईपर्यंत मावशी बाबांजवळून हलली नाही. तिला रागही आला होता आणि पोरीची कीवही. मग तिनं आपण भिंतीतून ओढलेला प्लग उचलला. तो लॅपटॉपचा चार्जर होता.

त्या खोलीत भिंतीला एकच सॉकेट होतं. मशीन एक्स्टेंशन बोर्डावर लावायचं नाही, असं ते बसवणाऱ्यानं निक्षून सांगितलं होतं. म्हणून ठमी लॅपटॉप स्वयंपाकघरात चार्ज करून आणायची आणि बॅटरीवर खेळायची. मशीन बंद झालं की सॉकेट मोकळं व्हायचं.

"ठमे, माझ्या धंद्यात एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन भाग एकदम बदलले, तर बिघडला होता कुठला ते कधीच कळत नाही. मी आत्ता काय काय बदललं?"

ठमीनं डोळे पुसले. "मशीन लावलंस. आणि... चार्जर काढलास."

"मग दोष कुणाचा, हे कसं ठरवायचं?"

ठमी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली. बाहेर मशीन सुरू, इथे चार्जर लावलेला: साठ. तिनं चकती नखानं खरवडून काढली: साठ. चकती परत चिकटवून चार्जर काढला: बावीस. शेवटी चार्जर लावून लॅपटॉप उशीवर ठेवला. पंधरा मिनिटांत तळ तव्यासारखा तापला, आकडा पस्तीसवर आला. उशीनं हवेच्या फटी बुजवल्या होत्या.

"बॅटरीवर तो ताकद राखून चालतो, आणि तापला की जीव वाचवायला हळू होतो," मावशी म्हणाली. "फ्रिजचंही काही वेगळं नाही गं."

दुसऱ्या दिवशी दुकानात तीच गर्दी होती. या वेळी ठमी स्वतः पुढे झाली. तिनं सगळ्यांदेखत लॅपटॉप सिंहासनावर ठेवला, तार जोडली आणि चकती काढली, आकडा साठावरच राहिला. मग चकती लावली आणि तार उपसली. तेवीस. मावशीनं काळं जाळीदार कापड वर केलं. टेबलाला भोकं होती आणि खाली भला मोठा पंखा फिरत होता.

"शंकेच्या लहरी आहेत या!" वेगगुरूला घाम फुटला होता.

"अहो, शंका आता आम्हा सगळ्यांनाच आहे," एक बाप म्हणाला. "आकडा मात्र तारेलाच ओळखतोय."

हशा पिकला, पण मावशी हसली नाही. "याच्या सांगण्यावरून माझ्या बहिणीच्या घरात श्वासाचं मशीन बंद झालं होतं," ती म्हणाली. "ओठ निळे पडले होते माझ्या बाबांचे." मग एकेक जण चकती सोलून काउंटरवर ठेवू लागला.

शनिवारी ठमी स्वयंपाकघरात खेळली. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं होती, चार्जर भिंतीत होता. बाहेर मशीन घरघरत होतं.

"जिंकलीस का गं?" आजोबांनी हाक मारली.

"हरले! पण अडखळला नाही एकदाही. कप्तान म्हणाली, जागा तुझीच."

"मग पुढच्या वेळी खेळ सुधार. लॅपटॉपवर ढकलायची सोय गेली आता."

तुम्हालाही कुणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्यातली एकच गोष्ट काढा आणि पुन्हा बघा. आणि त्या चमत्कारापायी कुणाचा श्वास बंद करायला सांगितला, तर पुन्हा बघत बसू नका. उठा आणि घरी जा.