रेषेवरची टाच

पंचांच्या हॉटेलात संध्याकाळी सगळ्यात जास्त खपायचा तो बर्फ. जेवणाआधी एकेक जणी प्लास्टिकची बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची आणि मग खोलीत जाऊन गुडघे, घोटे, पोटऱ्या गार करत बसायची. खेळाडूंना मालिश करायला माणसं असतात, पंचांच्या वाट्याला बादली.

शिट्टीबाईंचा डावा गुडघा पहिल्या सामन्यापासूनच कुरकुरत होता. शिट्टीबाई हे नाव सोबतच्या पंचांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं होतं की जेवणाच्या टेबलावरही कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. एरवी त्या टपाल कचेरीत पत्रं निवडायच्या. उजाडायच्या आत उठून धावायच्या, सुट्ट्या साठवायच्या आणि त्या सगळ्या अशा स्पर्धांत घालवायच्या. लग्न, सहली, दुखणी, सगळं त्यांनी हंगाम संपल्यावर बघू म्हणून मागे टाकलं होतं, आणि हंगाम काही संपत नव्हता. आता मात्र तो संपणार होता. वयाची अट होती. या वर्षअखेर त्यांचं नाव आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीतून जाणार होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकाही फायनलला शिट्टी वाजवली नव्हती.

स्पर्धा या भागातल्या आठ देशांच्या महिला फुटबॉल संघांची. फायनलचा पंच त्रयस्थ देशाचा लागतो, हा नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. तो शिट्टीबाईंच्या आड कधी येण्याची भीती नव्हती, कारण त्यांच्या देशाचा संघ दर वेळी साखळीतूनच हात हलवत घरी परतायचा. कधी पोटरी फाटली, कधी वशिल्याची कुणी पुढे घुसली, म्हणून त्यांची फायनल हुकली होती. पण या वेळी पंचांचे प्रमुख, ज्यांना सगळ्या जणी पाठीमागे हेडमास्तर म्हणायच्या, ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "गुडघा सांभाळा हं बाई. रविवारी लागेल." रविवारी फायनल होती. याहून स्पष्ट बोलणं हेडमास्तरांच्या स्वभावात नव्हतं.

आणि नेमका याच वर्षी देशाच्या संघाला जिंकायचा चेव चढला. साखळीत पहिला नंबर आला. गोलमध्ये कोण, तर शिट्टीबाईंची सख्खी भाची, खार. लहानपणी ती जमिनीवर कमी आणि कपाटावर जास्त असायची, म्हणून खार. तिला घरामागच्या मोकळ्या जागेत खडूची रेघ मारून उभं केलं ते शिट्टीबाईंनीच. पेनल्टीला कसं उभं राहायचं तेही त्यांनीच शिकवलं. "लाथ बसेपर्यंत एक टाच रेषेवर. दुसरा पाय कुठंही नाचव, पण ती टाच सोडलीस तर तू कितीही छान अडव, चेंडू परत ठेवला जाणार." पोरीनं हे इतकं मनावर घेतलं होतं की स्वयंपाकघरात फरशीच्या सांध्यावर टाच रोवून ती भांडी पुसायची.

ताईचा फोन आला. ताईच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, पोरगी सेमीफायनलला गेली! तू बोललीस का तिच्याशी?"

"स्पर्धा चालू असताना पंच खेळाडूंशी बोलत नसतात, ताई."

"मावशी आहेस तू तिची."

"म्हणूनच."

"तुझं आपलं कायम हेच. एखादा दिवस घरच्यासारखी वाग की."

शिट्टीबाईंनी फोन ठेवला आणि बादलीत पाय घातला. त्या थकल्या होत्या. नुसत्या पायांनी नाही, सगळ्याच बाजूंनी. हा संघ हरावा, असं त्यांना वाटलं. अगदी स्वच्छ वाटलं. मग आपल्याला असं वाटलं म्हणून त्यांना स्वतःची किळस आली, आणि मग त्या किळसेचाही कंटाळा आला. बर्फ विरघळला तरी त्या तशाच बसून राहिल्या.

सेमीफायनलला शिट्टी होती दातवालीकडे. दातवाली ही शिट्टीबाईंची खोलीतली सोबतीण, तिसऱ्याच देशाची, धंद्यानं दातांची डॉक्टर. ती रोज सकाळी आपले दात घासताना शिट्टीबाईंच्या दातांकडे दुःखी नजरेनं बघायची. बाकीच्या सगळ्या जणी दुपारी हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर जमल्या. कुणी सोफ्यावर, कुणी खाली, पाय भिंतीला वर लावून. शिट्टीबाई मागच्या खुर्चीत बसल्या. मुद्दामच. आपला चेहरा कुणाला दिसू नये इतकीच त्यांची इच्छा होती.

खारेच्या संघानं उत्तरार्धात एक गोल केला. खोलीतल्या दोघी-तिघींनी वळून शिट्टीबाईंचं अभिनंदन केलं, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, तशा त्या गप्प झाल्या. हा गोल टिकला तर बाईंचा रविवार गेला, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. शिट्टीबाई हसल्या. हसताना जबडा दुखला.

सामना संपत आला असताना खारेच्या संघातल्या एका बचावपटूनं समोरच्या पोरीला आडवं केलं. दातवालीनं पेनल्टी दिली. बरोबर दिली. शिट्टीबाई खुर्चीच्या टोकाला आल्या. गोल झाला तर बरोबरी, मग जादा वेळ, मग काहीही होऊ शकतं. पडद्यावर खार छोटीशी दिसत होती, हात पसरून उभी. समोरची पोरगी धावत आली, लाथ बसली, खार उजवीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या तळव्याला लागून खांबाबाहेर गेला.

खोलीत एकच आरडाओरडा झाला. आणि त्या आरडाओरड्यात शिट्टीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, उजवा हात सरळ पुढे, बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे.

"परत!" त्या म्हणाल्या. चांगल्या खणखणीत आवाजात. "टाच सुटली. परत घ्या."

आरडाओरडा विझला. सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. पडद्यावर दातवालीनं कॉर्नरची खूण केली होती; गोलरेषेपाशी झेंडा घेऊन उभी असलेली तिची साहाय्यक जागची हलली नव्हती. या स्पर्धेत व्हिडिओ पंच नव्हते, तेवढी श्रीमंती आयोजकांकडे नव्हती, त्यामुळे मैदानावर ठरलं ते ठरलं. कॉर्नर वाया गेला आणि सामना संपला. शिट्टीबाईंनी हात खाली घेतला. तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. सोफ्यावरची एक जणी हळूच म्हणाली, "सख्खी भाची ना हो तुमची?"

दातवाली आली ती दारातच बूट काढून पलंगावर आडवी झाली.

"पाय माझे नाहीत आता," ती म्हणाली. थोड्या वेळानं छताकडे बघतच तिनं विचारलं, "तू खाली टीव्हीसमोर ‘परत’चा हात केलास म्हणे."

"केला."

"टाच सुटली होती?"

"हो."

"माझी झेंडेवाली रेषेवर उभी होती. ती म्हणते, टाच होती."

"नवीन आहे ती. चेंडूकडे बघत बसली असेल."

दातवाली उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर घामाचं मीठ वाळलं होतं. "असेल," ती म्हणाली. "उद्या सकाळी दिसेलच." तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं शिट्टीबाईंना वाटलं.

आता फायनल गेलीच होती, त्यामुळे खेळाडूंशी न बोलण्याचं कारणही गेलं होतं. अंधार पडायच्या सुमारास खारेचा फोन आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"मावशी! बघितलंस?"

"बघितलं. छान अडवलास."

"इथं सोशल मीडियावर सगळे कालवा करतायत की परत घ्यायला हवी होती. मी टाच सोडली नव्हती गं. मला टाचेखाली रेघ कळत होती. तू सांग ना."

इथं शिट्टीबाईंना थांबता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. पण त्यांनी आयुष्यभर, विचारलं की निकाल दिला होता.

"सुटली होती," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं."



"बरं," खार म्हणाली. तिचा आवाज अगदी लहानपणीचा झाला होता. "तू म्हणतेस म्हणजे सुटलीच असेल."

सकाळची बैठक ही पंचांची रोजची शिक्षा. आदल्या दिवशीच्या सामन्यातले वादाचे प्रसंग हेडमास्तर पडद्यावर दाखवायचे आणि प्रत्येकीनं निर्णय बरोबर की चूक ते हात वर करून सांगायचं. स्वतःचा निर्णय असला तरीही. शिट्टीबाई पहिल्या रांगेत बसल्या. दातवाली त्यांच्या शेजारी बसली, रोजच्यासारखी.

आधी टीव्हीवर आलेलं दृश्य दाखवलं. कॅमेरा मैदानाच्या मधोमध, उंचावर. गोल तिरका दिसणारा. खार झेपावते आहे, पाय रेषेच्या पुढे दिसतो आहे. सगळ्यांनी बघितला.

"या कोनातून," हेडमास्तर म्हणाले, "रेषेचा निवाडा कधीच करायचा नाही, हे नव्या पोरींना दर वर्षी कोण शिकवतं?"

शिकवायच्या शिट्टीबाईच. खडूनं फळ्यावर तिरकी रेघ काढून, ती तिरकं पाहिलं की कशी फसवते ते दाखवून. एका पोरीला तर त्यांनी याच चुकीवरून चांगलं खडसावलं होतं.

मग हेडमास्तरांनी दुसरं दृश्य लावलं. हा कॅमेरा गोलच्या खांबाला लागून, बरोबर रेषेच्या रेषेत. लाथ बसण्याच्या क्षणी चित्र थांबवलं. खारेचा डावा पाय हवेत होता. उजव्या पायाची टाच रेषेवर होती. अर्धी नाही, कडेला नाही, रोवल्यासारखी. हिरवळीवर चुन्याचा पांढरा पट्टा आणि त्यावर ती टाच.

शिट्टीबाई त्या टाचेकडे बघत राहिल्या. त्यांना काल टाच दिसलीच नव्हती. खरं तर काल त्यांना काहीच दिसलं नव्हतं; त्यांना जे हवं होतं ते त्यांच्या हातानंच दाखवलं होतं, आणि डोळ्यांनी निमूट मान डोलावली होती. गुडघा जाणार, दम जाणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. नजर जाईल असं वाटलं नव्हतं.

"निर्णय बरोबर?" हेडमास्तरांनी विचारलं.

सगळ्यांचे हात वर गेले. शिट्टीबाईंचाही गेला. मग त्या उभ्या राहिल्या, गुडघा कळवळला तरी, आणि दातवालीकडे वळून म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं." दातवालीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि फायनल दातवाली घेईल असं सांगितलं. दातवालीनं हात सोडला नाही. शिट्टीबाईंना तिचा राग आला नाही, आनंदही झाला नाही. नुसतं रडावंसं वाटत होतं, आणि बैठक संपेपर्यंत ते जमण्यासारखं नव्हतं.

बाहेर जिन्यात येऊन त्यांनी खारेला फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"झोपली होतीस?"

"झोपच नाही आली. मावशी, मी रात्री कोचना सांगितलं. म्हटलं, मी चूक करून वाचवलेला गोल आहे तो, मावशीनं पाहिलंय. फायनलला दुसरीला उभं करा. ते खूप चिडले. आता विचार करतायत."

शिट्टीबाई पायरीवर बसल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "टाच रेषेवर होती. मी आत्ता बरोबर रेषेतून पाहिलं. पूर्ण होती. मी काल चुकीचं सांगितलं तुला."

"होती?"

"होती. आत्ताच्या आत्ता जा आणि कोचना सांग. ते ऐकत नसतील तर मला फोन दे, मी बोलते. आमच्या हेडमास्तरांनाही बोलायला लावते."

खारेच्या मागे कुणीतरी दार आपटलं, कुणीतरी हसलं.

"मला कळत होती ती रेघ," खार म्हणाली. "टाचेखाली. मी तुला म्हटलं पण होतं."

"हो."

"मग तू का म्हणालीस तसं? तू कधी चुकत नाहीस."

शिट्टीबाईंनी कोनाचं कारण सांगायला तोंड उघडलं. कॅमेरा उंच होता, तिरका होता, हे सगळं खरंच होतं. पण त्यांच्या तोंडून ते आलं नाही.

"मला फायनल हवी होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही हरला असतात तर मला मिळाली असती. माझी शेवटची होती. तू चेंडू अडवलास तेव्हा मला आनंद झाला नाही गं. मला तुझा राग आला."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीट नाही. त्या वाट बघत राहिल्या. एक वेटर रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन वर आला, त्याला वाट द्यायला त्या भिंतीकडे सरकल्या.

"हे माहीतच नव्हतं मला," खार अखेर म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं की चीड होती, ते कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही. "कुणी सांगितलंच नाही. तू तरी सांगायचंस ना, मावशी."

"सांगून काय केलं असतंस? गोल सोडला असतास?"

"छे! गोल नसताच सोडला." खारेनं नाक ओढलं. "पण वाईट तरी वाटून घेतलं असतं, तुझ्यासाठी. मी इथं सामना संपल्यापासून नाचत होते आधी, तू फोन उचलेपर्यंत. आणि तू तिथं एकटी."

शिट्टीबाईंनी फोन कानापासून दूर धरला, कारण त्यांना तिला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. पण जिन्यात आवाज घुमतो. वर दातवाली कठड्यापाशी थांबली होती, ती आल्या पावली मागे फिरली.

"मावशी? रडतेस?"

"तू जा आधी कोचकडे," शिट्टीबाई म्हणाल्या. "धाव."