वाहेदची घडीची तिवई

सरकारी माहितीपट काढायला वडनेरला आलेल्या साहेबांचा दिव्याचा स्टँड मोडला. वाहेद सुताराने त्यांना सागाची घडीची तिवई करून दिली. साहेब खूश. म्हणाले, "गावचा सुतार म्हणून पडद्यावर तुम्हीच!" वाहेदने दाढीला मेंदी लावली.

पण तिवईची कळ फक्त वाहेदलाच ठाऊक, म्हणून शूटिंगला ती धरून त्यालाच उभं राहावं लागलं. सुताराच्या जागी उजेडात बसला त्याचा जिवलग उकंडराव, रंधा उलटा धरून.

शूटिंग संपल्यावर वाहेदने विचारलं, "दोस्त असून काऊन बसला बे?"

"तुह्या तिवईचा उजेड वाया गेला असता ना, भाऊ!"

माहितीपट जिल्हाभर फिरला. पेरणीच्या तोंडावर उकंडराव मोडकी तिफण घेऊन आला.

वाहेद म्हणाला, "मले काय येते? सुतार तर तू हायेस. साऱ्या जिल्ह्यानं पाह्यलं."