वैनीच्या नावावरची कुस्ती

हंबीरराव पैलवानाच्या गाजलेल्या कुस्त्या सांगा, असं वडूजच्या स्टँडवर कुणालाही म्हणा, माणूस आधी टेकायला जागा बघतो. कारण गोष्ट लांबते. फलटणची सांगून झाली की शिरवळची निघते, शिरवळच्या पोटातून पंजाबी मल्लाची निघते, आणि तोवर एक एसटी निघून गेलेली असते. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या कुस्त्या बघितलेल्याही नसतात, पण सांगताना शड्डू मात्र स्वतःच्याच मांडीवर ठोकतात.

शालूबाईनं तर एकही बघितली नव्हती, आणि ती पैलवानाची बायको. त्या काळी बाईमाणसानं कुस्तीच्या मैदानाकडं फिरकायचं नाही, तालमीच्या दारावरून जाताना पदर ओढून खाली बघायचं, असा रिवाज. आता त्याच तालमीत गावच्या पोरी माती अंगाला लावतात आणि पदकं आणतात, पण शालूबाईचं वय त्या आधीच उलटून गेलं. आणि गंमत बघा, पैलवानाच्या दहा गाजलेल्या कुस्त्या निवडायचं काम शेवटी तिच्याच गळ्यात पडलं.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी पैलवानाला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. सोप्यातल्या कॉटवर पडून तो दारातलं ऊन सरकताना बघायचा आणि दिवसाकाठी चार-दोन शब्द बोलायचा. त्याचा वस्ताद केव्हाच गेला होता, जोडीदारही गेले होते. तालीम आता पुतण्या जयराज चालवत होता. यात्रेच्या आधी तालमीची भिंत रंगवायची आणि तिच्यावर चुलत्याच्या दहा कुस्त्या लिहायच्या, असं त्यानं मनावर घेतलं. मोबाइल चालू करून तो काकीपुढं मांडी घालून बसला.

“काकी, तुमास्नी कायतरी ठावं असंलच की.”

“मला काय ठावं असणार रं? मी आपली चुलीम्होरं.”

पण ठाऊक होतं. पैलवान मैदानावरून आला की पालथा पडायचा आणि शालूबाई तेल कोमट करून त्याचं अंग चोळायची. त्याच्या पाठीवर सगळं लिहिलेलं असायचं. फलटणला दीड तास चालून बरोबरीत सुटली, तेव्हा त्याचा डावा कान सुजून पुरीसारखा झाला होता. शिरवळच्या मल्लाची नखं वाढलेली होती. पंजाबी मल्लानं मानेवर असा घिस्सा दिला होता की आठ दिवस पैलवानाला मान वळवून म्हशीकडं बघता येत नव्हतं, म्हशीलाच त्याच्यापुढं आणून उभी करावी लागायची. शालूबाई सांगत गेली आणि कॉटवर पैलवान डोळे मिटून ऐकत राहिला. मध्येच त्याचा डावा गुडघा हलायचा.

एक गोष्ट मात्र तिनं जयराजला सांगितली नाही. न बघितलेल्या त्या कुस्त्या ती झोपेत बघत आली होती. तिच्या स्वप्नातलं मैदान तिच्याच अंगणात भरायचं. हजारो माणसं, पण आवाज कसला नाही. हलगीवर काडी पडायची आणि ऐकू यायचं काहीच नाही. लाल मातीतून हळदीचा वास यायचा, समोरच्या मल्लाला तोंड नसायचं, आणि दोघं इतक्या सावकाश एकमेकांभोवती फिरायचे, जणू पाण्याखाली खेळताहेत. फार सुंदर असायचं ते. सकाळी उठून भाकरी थापताना तिला वाटायचं, खऱ्या मैदानात जाणाऱ्यांनी सुद्धा एवढं बघितलं नसेल.

फक्त एक स्वप्न वाईट होतं. त्यात मैदान सांगलीचं असायचं. पैलवान आखाड्यात उतरायचा आणि त्याच्या पायाखाली माती नसायची, शालूबाईचं हिरवं लुगडं पसरलेलं असायचं. त्याचा पाय त्यात गुंतायचा. ती लुगडं ओढून घ्यायला बघायची, पण ते संपायचंच नाही.

“नऊ झाल्या,” जयराज म्हणाला. “धावी कंची घिऊ?”

शालूबाई उठून आत गेली. दहावी कोणती, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फक्त शालूबाईपुढं त्या कुस्तीचं नाव कुणी काढत नसे.

शेहेचाळीस वर्षांपूर्वीची ती सांगलीची कुस्ती. हंबीरराव तीस वर्षांचा, सहा वर्षांत कुणी त्याची पाठ मातीला लावली नव्हती. मुक्काम साताऱ्याच्या तालमीत. मोठं मैदान ठरलं की महिनाभर पैलवानानं घराचं तोंड बघायचं नाही, ही वस्तादाची सक्त ताकीद. बायकोच्या वाऱ्यालाही उभं राहिलं की अंगातलं बळ उतरतं, असं तालमीत सगळेच मानत. आणि मैदानाच्या आदल्या दिवशी सांगलीची गाडी सोडून हंबीरराव वडूजच्या गाडीत बसला. भर दुपारी घरी आला, दिवस कलता विट्याकडं जाणारा ट्रक धरून गेला. शेजारच्या रंगूबाईनं बघितलं. दुसऱ्या दिवशी सांगलीत तो चितपट झाला.

मग काय, गावाला आणखी काय पाहिजे होतं? बाईनं पैलवान खाल्ला, अशी एकच हाकाटी झाली. सासू बनुबाई मरेपर्यंत शालूबाईच्या हातचं दूध पैलवानाला देत नव्हती. पुढची पाच वर्षं दसरा होऊन कुस्त्यांचा हंगाम सुरू झाला की शालूबाईची रवानगी माहेरी व्हायची, ती अक्षय तृतीयेपर्यंत. नदीवर बायका धुणं आपटता आपटता गप्प व्हायच्या. शालूबाईनं कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं. त्या दुपारची आठवण आली की ती जीभ चावायची आणि हातातलं काम जोरानं करायची. आपल्या हातून एका माणसाची सहा वर्षांची कमाई बुडाली, हे घेऊन ती म्हातारी झाली होती.

यात्रा दोन दिवसांवर आली तेव्हा दारात एक जीप थांबली. पांढरी टोपी, पांढरं धोतर, उंच पण वाकलेला म्हातारा उतरला. एक कान चपटा, म्हणजे पैलवानच. जयराजनं चुलत्याशी लढलेल्या जुन्या मल्लांचे नंबर शोधून सगळ्यांना बोलावणी धाडली होती. हयात असलेला हा एकच निघाला.

“मी जिनपाल,” म्हातारा म्हणाला आणि हळकुंडांची पिशवी शालूबाईच्या हातात दिली. “आमच्या शेतातली हळद हाय. वळखलं न्हाईसा तरी चालंल. आपली गाठ कवा पडलीय?”

शालूबाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सांगलीच्या मैदानात पैलवानाला पाडणारा हा. कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचा पोरगा, मटण-अंडी न खाता दूध-बदामावर पोसलेला. भाजी-भाकरीवाला पैलवान म्हणून लोक त्याला हसायचे. तिच्या स्वप्नात त्याला तोंड नव्हतं. आता होतं, आणि ते चांगलं मवाळ होतं.

जिनपाल कॉटशेजारी बसला. दोघांनी एकमेकांचे हात धरले, बराच वेळ सोडलेच नाहीत. पैलवानाच्या डोळ्यांतून पाणी आलं. जयराजनं मोठ्या हौसेनं मोबाइलमधली नऊ कुस्त्यांची यादी वाचून दाखवली. जिनपालनं शेवटपर्यंत ऐकली.

“ह्यात सांगली न्हाई?”

जयराजनं काकीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

“आजोबा, ती... त्या वक्ताला जरा वेगळं झालं हुतं. काका आदल्या दिशी—”

“घरी आलं हुतं. ठावं हाय.” जिनपालनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “आवं वैनी, तुमी जरा हिकडं या. मी हितं तुमच्याकडंच आलोय.”

शालूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आता हा माणूस सगळ्यांपुढं ते बोलणार आणि आपण इथंच मरून पडणार, असं तिला वाटलं.

“वरीसभर मी ह्या माणसाच्या मागं हिंडलो,” जिनपाल म्हणाला. “जिथं ह्याची कुस्ती तिथं मी. लोकांत बसून बघायचो. फलटणला मला घावलं. घिस्सा डाव मारायच्या आदी हा डावी टाच जरा माघारी घ्यायचा आन् तोंडानं श्वास घ्यायचा. तेवढीच एक फट. मग रोज पाचशे वेळा मी एकच डाव घोटला, ढाक. हात काखंत आवळायचा आन् माणूस कमरंवरनं उलथायचा. सांगलीत सव्वीस मिनिटं मी त्या टाचंची वाट बघितली. तोवर ह्यानं मला दोन वेळा उचलला. अंगात एवढी ताकद कवा न्हवती ह्याच्या. माझी बरगडी अजून थंडीत बोलती. सव्विसाव्या मिनिटाला टाच माघारी आली.”

त्यानं हवेतच काखेत हात आवळून दाखवला. म्हातारा हात, पण क्षणभर त्यात कुणीतरी सापडल्यासारखं वाटलं.

“लोकांनी मला खांद्यावर घिऊन मैदानात एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीला तुमच्या गावचं कोणतरी बोललं, पैलवान काल घरी जाऊन आलाय. झालं. च्याच्या हाटेलात पोचंपतोर मी ऐकलं, जिनपालनं कुठं पाडला, पैलवान बायकूनं पाडला. माझ्या बापानं सुद्धा तेच म्हटलं. मग मी तिथं काय करत हुतो, वैनी? शेहेचाळीस वर्षं माझी कुस्ती तुमच्या नावावर हाय. तेवढी माझी मला द्या.”

शालूबाईला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. ती पैलवानाच्या कॉटपाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला नजरेला नजर देऊन विचारलं.

“ह्ये म्हणत्यात ते खरं हाय?”

पैलवानानं नजर छताकडं वळवली. ओठ हलले, जीभ अडखळली.

“ढाक,” तो म्हणाला. “एक नंबर... ढाक.”

“तुमाला ठावं हुतं?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाई? आत्ती मला तुमच्या दुधाला हात लावू देत न्हवती. मी पाच वरसं माहेरी काढली. का न्हाई बोलला?”

त्यानं डाव्या हातानं चादर मुठीत धरली. पुढचं वाक्य बाहेर यायला फार वेळ लागला.

“लोकांनी... सबब दिली. मी घेतली.”

शालूबाईला राग आला. असा राग तिला कधी आलाच नव्हता, तो कुठं ठेवायचा हेही तिला माहीत नव्हतं. ती आत गेली, परात ओढली आणि पीठ मळायला लागली. दिवस मावळायच्या आत पाहुण्याला जेवायला घालायला हवं, जैन माणूस अंधार पडल्यावर खाणार नाही, एवढंच तिला त्या घडीला सुचत होतं. कांदा-लसणाशिवाय मुगाची आमटी केली. भाकरी अशी दणादणा थापली की शेजारून रंगूबाईची सून डोकावून गेली. मधेच रडली, डोळे पुसले, परत थापायला लागली.

त्या घरात पन्नास वर्षं पहिलं तूप पैलवानाच्या ताटात पडत आलं होतं. त्या संध्याकाळी शालूबाईनं तुपाचं भांडं आणलं, जिनपालच्या ताटात उपडं केलं आणि रिकामं भांडं घेऊन पैलवानापुढून गेली. पैलवानानं ते बघितलं. कोरडी भाकरी आमटीत कुस्करून त्यानं निमूटपणे खाल्ली.

जेवणं झाली तेव्हा दारातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

“जयराज, लिही,” शालूबाई म्हणाली. “धावी. सांगली. जिनपाल पैलवानानं हंबीरराव पैलवानाला सव्वीस मिनिटांत ढाकंवर चितपट केलं. जिनपालचं नाव पयलं घाल.”

“काकी, हरल्याली कुस्ती भिंतीवर? गाव काय म्हणंल?”

कॉटवरून डावा हात आपटल्याचा आवाज आला. “लिही,” पैलवान म्हणाला.

जिनपालनं टोपी डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. त्याचं तोंड तृप्त दिसत होतं, तुपामुळंही आणि नावामुळंही. तो जयराजबरोबर तालमीची भिंत बघायला गेला. घरात दोघंच राहिली.

शालूबाई उंबऱ्यावर बसली. राग अजून होता, तो दोन दिवसांत जाणारा नव्हता, आणि तिला घालवायचाही नव्हता. पण त्या रागाच्या कडेनं दुसरंच काहीतरी आत येऊ लागलं. शेहेचाळीस वर्षं जीभ चावून परत धाडलेली ती दुपार होती. आज तिनं तिला येऊ दिलं.

पैलवान मागच्या दारानं आला होता, वहाणा हातात घेऊन, आईला चाहूल लागू नये म्हणून. सासू मळ्यात गेलीय असं सांगितल्यावर एवढ्या मोठ्या माणसानं हुश्श केलं होतं. चार भाकरी खाल्ल्या. मग परड्यात कडब्याच्या गंजीच्या सावलीला तो आडवा झाला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. वारा पडला होता. कडब्याचा गोड वास येत होता. तिला वाटलं, झोपला. तेवढ्यात डोळे न उघडताच तो बोलला, इतका हळू की तिनं ते नंतर स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

“शालू, उद्याचं भ्या वाटतंय. त्यो जिनपाल प्रत्येक मैदानात म्होरं बसतोय. त्याला माझं कायतरी घावलंय.”

म्हणजे तो आला म्हणून हरला नव्हता. आपण हरणार, हे कळलं म्हणून तो आला होता. साऱ्या मुलखात त्याला भीती घेऊन जाण्यासारखी एकच जागा होती, आणि सांगलीची गाडी सोडून तो तिथं आला होता.

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, झोपा. आणि तो झोपला होता, लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून. दिवस कलेपर्यंत ती हलली नव्हती. मांडीला मुंग्या आल्या होत्या. ती बावीस वर्षांची होती, आणि फार सुखात होती.