छत्तीस इंच

"भिंत शंभर इंच. त्यातले छत्तीस हिचे," आई जमिनीवर गुडघे टेकून म्हणाल्या. ही म्हणजे त्यांचं शिलाई मशीन, पायाने चालवायचं. टेपचं टोक अंगठ्याखाली दाबलेलं, आणि तोंडात टाचण्या नसतानाही बोलणं दात मिटूनच. चाळीस वर्षांची सवय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. लहानशा गावात, रस्त्याकडेच्या खोलीत त्या कपडे शिवायच्या. माझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा आम्ही पाळणाघरांची चौकशी केली. माझा सगळा पगार तिथेच जिरला असता. ते कळताच आईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि मशीनसकट आमच्या एका खोलीच्या घरात येऊन राहिल्या. तरी लेक फारच लहान म्हणून मी आणखी काही महिने बिनपगारी रजा वाढवून घेतली.

महिनाभरात आमच्या मजल्यावरच्या बायका त्यांच्याकडे कपडे आणू लागल्या. गावात अख्खा झगा शिवून जे मिळायचं, ते इथे पँटची उंची कमी करून मिळतं, याचं त्यांना भारी हसू यायचं. म्हणायच्या, मोठ्या शहरात शिवण्यापेक्षा कापायलाच जास्त पैसे.

मग लेक रांगायला लागली. मशीनच्या लोखंडी पायावर तिचं कपाळ दोनदा आपटलं. ह्यांनी दोन खोल्यांची जागा बघितली. तिचं भाडं ऐकून आई म्हणाल्या, एवढ्यात आमच्याकडे अख्खं घर मिळतं, अंगण वर फुकट. आम्ही हसलो. हसू ओसरल्यावर मी सांगून टाकलं, की रजा संपली तरी सोमवारी मी कामावर जात नाही, राजीनामा देते. आईंनी खुशाल आपलं मशीन घेऊन गावी जावं. त्यावर त्या उठल्या, गळ्यातला टेप काढून भिंत मोजायला लागल्या.

शनिवारी पिशव्या शिवणारी एक बाई मशीन न्यायला हातगाडी घेऊन दारात उभी.

"आई, असं काय करता? जरा थांबा तरी."

"तुझी नोकरी गेली तर परत मिळायची नाही. मला शिवणं विसरायचं म्हटलं तरी विसरता यायचं नाही."

मी नको नको म्हणत राहिले. पण खरं सांगायचं तर फार जोर लावला नाही. डोळ्यांपुढे सोमवार होता.

आईंनी मशीनला तेल घातलं, जुन्या चिंधीने पुसलं. त्या बाईला समोर बसवून शिकवलं, "चाक आधी हाताने आपल्याकडे फिरवायचं, मग पाय. घाई केलीत तर दोरा तोडते. स्वभाव आहे तिचा." गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि आत येऊन केर काढला. मशीनखाली सापडलेली तीन बटणं धुऊन डब्यात टाकली.

सोमवारी मी चपला घालत होते. मोकळ्या झालेल्या जागेत आई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर लेक. गळ्यात टेप तसाच होता. त्याचं टोक लेकीच्या मुठीत. मी येते म्हटलं. त्यांनी मान हलवली.

दार ओढताना माझं लक्ष खाली गेलं. त्यांचे पाय चालू होते. आधी टाच, मग चवडा, एका लयीत. लेकीला झोप लागत होती.