एकवीसशे सतरा नंबरची नळी

"एकवीसशे सतरा काढा, प्रभुदास," यादी वाचत मैत्रेयी मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षांत एकानंही मागितलेलं नाही."

प्रभुदासनं नळी काढली नाही. फ्रीजरचं दार तेवढं लावलं, कारण फ्रीजर बोंबलायला लागला होता.

नगरजवळच्या त्या केंद्रात मातीतल्या एका जिवाणूची चार हजार जनुकं वेगवेगळ्या नळ्यांत गोठवून ठेवलेली होती. एखाद्या जनुकापासून होणारं प्रथिन कुणाला अभ्यासायचं असेल, तर त्यानं अर्ज करायचा; जनुक टपालानं घरपोच. गावची सामायिक भांडी असतात ना, तसंच. फक्त इथलं पातेलं कुणी परत आणून देत नसे. सगळ्या नळ्या प्रभुदासनं स्वतः भरलेल्या. आता जागा पुरेना, म्हणून मागणी नसलेल्या नळ्या वाफेत शिजवून फेकायचा ठराव झाला होता. प्रभुदासही त्याच आठवड्यात निवृत्त होत होता. त्याला ठराव लागला नाही.

"मॅडम, ह्याला नळीत उतरवायला सहा वेळा खटपट करावी लागली हुती. लई हट्टी."

"पण ते करतं काय?"

"न्हाई म्हाईत कुनाला."

"मग?"

"माझा मेव्हणा काय करतो ते तरी कुठं म्हाईत हाय? त्याला कुनी शिजवलं का?"

मॅडम हसल्या. "उद्या पाचपर्यंत एक तरी अर्ज येऊ द्या. मग ठेवू."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला अर्ज आला. अर्जदार: प्रभुदास पाटोळे, केडगाव. प्रयोगशाळा: स्वयंपाकघर. सदस्य: 'दोन' लिहून खोडलेलं, पुढं 'एक'.

प्रभुदासच्या बायकोच्या, मरियमबाईंच्या मातीला मॅडम गेल्या होत्या. त्या खोडलेल्या शब्दाकडं बघत त्यांनी शिक्का मारला.

नळी फ्रीजरमध्येच राहिली. तिच्यातला एक थेंब प्रभुदासनं, सगळ्यांना पाठवत तसाच, टिपकागदावर सोडला, भोवती पेन्सिलीनं गोल काढला, आणि पाकिटावर स्वतःचा पत्ता घातला. नोकरीतलं शेवटचं काम.

गुरुवारी पोस्टमन बिभीषण आला. "पाटोळे सायेब, पत्र! लई दिसांनी! उघडा की."

प्रभुदासनं उघडलं.

"आरं, कोराच कागद हाय! फशिवलं की तुमाला कुनी तरी."

"न्हाई. ह्या गोलात हाय ते."

"व्हय, व्हय," बिभीषण म्हणाला. एकट्या राहणाऱ्या माणसांशी बोलताना लोक आवाज जसा मऊ करतात, तसा करून. आणि निघून गेला.

कागद साखरेच्या डब्याला टेकवून प्रभुदास समोर बसला. पाकिटात पोचपावतीही होती, त्यानंच घातलेली. 'जनुक मिळाले का?' त्यानं 'हो' लिहिलं.

'जनुक काय करते असे आढळले?'

चहा निवेपर्यंत त्यानं विचार केला. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: घरी असतं.