कप आणि परात

लेकीने कोणत्या विद्यापीठांत अर्ज करायचे, याचा निकाल बापाने चहाच्या कपाने लावला. जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेला माणूस. आपला जुना नकाशा टेबलावर पसरून त्याने गावावर कप पालथा घातला आणि भोवती पेन्सिल फिरवली.

"याच्या आतलं कुठलंही निवड. दिवेलागणीला पोर घरात हवी."

आत एकच विद्यापीठ होतं, आणि तिथे तिचा विषयच नव्हता. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, तुम्ही किती वेळा दिवेलागणीला घरी आलात हो?"

आईने ओट्यावरची मोठी परात उचलली, कप बाजूला सारला आणि ती नकाशावर दाणकन पालथी घातली.

"ओढ गं रेघ! समुद्रात गेली तरी चालेल."