गच्चीत पुरलेला घडा

मी एक जुना मातीचा घडा आहे, आणि मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझ्यात कुणी पाण्याचा थेंब ओतलेला नाही.

कानडी मुलखात, यशवंतपूरला, यल्लव्वा कुंभारणीने मला घडवले. भट्टीतून निघालो तेव्हा वाटले, आता स्वयंपाकघरात ऐटीत बसायचे आणि आल्यागेल्याला गार पाणी द्यायचे. पण १९५९ च्या फाल्गुनात मी राजाजीनगरला व्यंकोजींच्या नव्या घरी आलो, आणि शिवाप्पा गवंड्याने मला सरळ गच्चीवर नेऊन पालथा घातला. शेजारी माझी शेकडो भावंडे, सगळी पालथी. मी हबकलोच. हे काय भलतेच?

माझ्याहून मोठा धक्का बसला व्यंकोजींच्या आईला, सोयराबाईंना. खालच्या खोलीत त्यांची सून राजलक्ष्मी बाळंत होणार होती. गेल्या उन्हाळ्यात, भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत, तिचे पहिले बाळ उष्म्याने दगावले होते.

"मडकं मसणात फोडतात," सोयराबाई म्हणाल्या. "ते गरभारशीच्या डोक्यावर पालथं घालता?"

व्यंकोजी गडबडले. "मग सिमेंटचे पत्रे घालू. नाहीतर पेंढा पसरू."

"अत्ते, स्वल्प थांबा," राजलक्ष्मी सासूला म्हणाली. "मी बघते."

तिने गच्चीवर उन्हात तीन डबे मांडले, प्रत्येकात लोण्याचा गोळा. एकावर सिमेंटचा पत्रा, एकावर पेंढा, एकावर आम्ही. दुपारी पाहिले, तर पत्र्याखालच्या लोण्याचे पाणी झालेले. पेंढ्याखालचे लोणी उंदराने पळवले. आमच्याखालचा गोळा मात्र होता तसाच. मी थक्क झालो. मी तर रिकामा होतो, मग हे केले कुणी?

"आत वारा कोंडलाय, अत्ते. तो ऊन खाली उतरू देत नाही," राजलक्ष्मी म्हणाली. "माझं बाळ याच्याखालीच निजेल."

"सरी, ठीक आहे," सोयराबाई पुटपुटल्या, पण त्या खोलीत पाऊल टाकेनात. आमच्यावर चुन्याचा कोबा पडला आणि माझे जग काळेकुट्ट झाले. तेव्हा फार रडू आले मला.

वैशाखात भर दुपारी मुलगी झाली. बाहेर फरशीवर पाय ठेववत नव्हता. गरम पाणी घेऊन सोयराबाईंना आत यावेच लागले. त्या उंबऱ्यातच थबकल्या. खोली गार होती. त्यांनी बाळाच्या पाठीवर हात ठेवला. घामाचा टिपूस नाही. मग त्या सुनेशेजारी बसल्या.

"राजी," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी हे का गं नाही कळलं आपल्याला?"

राजलक्ष्मीने त्यांचा हात धरला. दोघी कितीतरी वेळ रडत होत्या आणि बाळ शांत निजले होते.

आज नऊ वर्षे झाली. पाहुणे येतात, भिंतींचा रंग वाखाणतात. माझे नावही कुणी काढत नाही. नाही तर नाही. पण मित्रांनो, तुम्ही घर बांधाल तेव्हा भिंतींचा रंग मागाहून ठरवा. आधी एवढे विचारा, की भर उन्हाळ्यात या छताखाली निजणार कोण आहे.